बांडगूळ नव्हे, पाहुणी : आंब्यावरची सीतेची वेणी

मे महिना संपत येतो. हापूसचा हंगाम उतरणीला लागतो. अशा दिवसांत कोकणातल्या एखाद्या जुन्या आंब्याखाली उभे राहून वर पाहावे. खोडाच्या बेचक्यातून, जाड फांद्यांच्या अंगावरून फुलांचे लांब घोस खाली लोंबताना दिसतात. पांढऱ्या पाकळ्या, त्यांवर गुलाबी-जांभळे ठिपके. फुले इतकी दाट की मधली दांडी दिसतच नाही. चांगल्या वाढलेल्या रोपाच्या एका घोसात शंभरावर फुले सहज असतात. कुणीतरी वेणी गुंफून झाडाला माळावी, तसे ते दृश्य असते. म्हणूनच या फुलाला मराठीत सीतेची वेणी म्हणतात.

आणि हंगाम संपल्यावर बागेची साफसफाई सुरू झाली की हीच वेणी कोयत्याच्या एका घावात खाली येते. "बांडगूळ आहे, झाड खातंय, काढून टाका," असे म्हणून मोकळे होतात. ज्या झाडाने तीस-चाळीस वर्षे तिला अंगावर वागवले, त्या झाडाची काहीही तक्रार नसते. तक्रार असते ती आपल्या अज्ञानाची. हा लेख त्या एका वाक्यासाठी आहे. सीतेची वेणी बांडगूळ नाही. ती झाडाचे काही खात नाही, आणि एकदा ओरबाडली की सहजासहजी परत येत नाही.

बांडगूळ कोण आणि पाहुणी कोण?

दोन्ही झाडावर वाढतात, म्हणून दोन्ही सारखीच, असा समज आहे. प्रत्यक्षात फरक जमीन-अस्मानाचा आहे.

बांडगूळ ही परोपजीवी वनस्पती. तिची चिकट फळे फुलटोच्यासारखे छोटे पक्षी खातात आणि बिया दुसऱ्या फांदीवर चिकटतात. बी रुजले की त्याचे शोषक मूळ साल फोडून थेट लाकडात शिरते आणि झाडाचे पाणी व क्षार ओढू लागते. जिथे ते शिरते तिथे फांदीला गाठ येते, आणि गाठीच्या पुढची फांदी हळूहळू वाळते. असे बांडगूळ फळे धरण्याआधी गाठीच्या खालून कापून काढायलाच हवे. त्यात दयामाया दाखवून बागेचे नुकसान करून घेऊ नये.

सीतेची वेणी ही आमरी, म्हणजे ऑर्किड. तिची मुळे सालीच्या वरून पसरतात, सालीत शिरत नाहीत. आपण जिना चढताना कठड्याला हात धरतो, तशी ती झाडाला धरून असते. तिला हवी असते उंची, उजेड आणि खेळती हवा. जंगलात जमिनीवर दाट सावली असते, म्हणून ती वर जाऊन बसली, इतकेच. अन्न ती स्वतःच्या हिरव्या पानांत स्वतः तयार करते. अशा वनस्पतींना शाळेच्या पुस्तकात अपिवनस्पती म्हणतात.

ओळखायच्या खुणा सोप्या आहेत. बांडगुळाला फांद्या फुटतात आणि साधी, चामड्यासारखी रुंद पाने असतात. लांबून पाहिले तर झाडावर दुसरे झुडूपच वाढल्यासारखे वाटते. सीतेच्या वेणीला फांद्यांचा पसारा नसतो. जाड, लांबट, पन्हाळीसारखी दुमडलेली पाने दोन्ही बाजूंना एकावर एक रचलेली असतात. पानावर उभ्या फिकट रेघा दिसतात आणि पानाचे टोक कातरल्यासारखे खाचदार असते. लिनियस या शास्त्रज्ञाने १७५३ साली तिला शास्त्रीय नाव दिले तेव्हा त्यातला 'रेट्युसा' हा शब्द याच खाचेवरून घेतला. ब्लूम या वनस्पतिशास्त्रज्ञाने १८२५ मध्ये तिला ऱ्हिंकोस्टायलिस या प्रजातीत घातले, तेव्हापासून तिचे पूर्ण नाव ऱ्हिंकोस्टायलिस रेट्युसा. सर्वांत पक्की खूण मुळांची. करंगळीसारखी जाड, चंदेरी-पांढरी मुळे सालीवर उघडी पसरलेली दिसली, की समजावे ही आमरी आहे.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवी. एखाद्या बारीक फांदीवर आमऱ्यांची गर्दी झाली, तर वजनाने फांदी वाकू शकते. तेव्हा काही रोपे सोडवून खोडावर हलवावीत. फेकून द्यायची गरज नाही.

नीट चौकशी न करता एखाद्यावर शिक्का मारू नये, बदगुमानी करू नये, हे आपल्याला लहानपणापासून शिकवले जाते. ती शिकवण माणसांपुरती आहे, असे मानायचे कारण नाही.

हवेतून पाणी पिणारी मुळे

ना माती, ना झाडाचा रस. मग ही जगते कशावर?

उत्तर त्या पांढऱ्या मुळांत आहे. मुळाभोवती मृत पेशींचे स्पंजासारखे जाड आवरण असते. पावसाचे पाणी, धुके, दव जे काही अंगावर येईल ते हा स्पंज क्षणात टिपून घेतो आणि आतल्या जिवंत मुळाला सावकाश देतो. सालीवरून ओघळणाऱ्या पाण्यात धूळ, कुजलेली पाने, पाखरांची विष्ठा यांतले क्षार मिसळलेले असतात. तेवढेच तिचे खत. कोरड्या मुळावर पाणी शिंपडून पाहा. चंदेरी रंग जाऊन ते डोळ्यांदेखत हिरवे होते, कारण या मुळांतही हरितद्रव्य असते. घरातल्या मुलांना हा प्रयोग जरूर दाखवावा.

पाणी जपून वापरण्याची रीतही तिला दिलेली आहे. बहुतेक झाडे दिवसा पर्णरंध्रे उघडून हवा आत घेतात आणि त्या नादात बरेच पाणी गमावतात. झाडावर वाढणाऱ्या जाड पानांच्या अनेक आमऱ्या हे काम रात्रीच्या गारव्यात उरकतात आणि दिवसा दारे बंद ठेवतात. नदीकाठी वुजू करतानाही पाण्याचा इस्राफ नको, असे आपल्याला सांगितले गेले आहे. या रोपाच्या तर स्वभावातच अल्लाहने काटकसर ठेवली आहे.

सह्याद्रीच्या रांगांत आणि कोकणात आंबा, फणस, जांभूळ, ऐन अशा झाडांवर ती आढळते. तिचे घर मात्र फार मोठे आहे. श्रीलंका, म्यानमार, थायलंडपासून इंडोनेशिया, फिलिपिन्सपर्यंत ती पसरली आहे. आसाममध्ये तिला 'कोपौ फूल' म्हणतात. तिथे ती एप्रिलमध्ये फुलते आणि रोंगाली बिहूत नाचणाऱ्या मुली तिचा घोस अंबाड्यात माळतात. आसाम आणि अरुणाचल प्रदेश या दोन्ही राज्यांचे ते राज्यफूल आहे. एका प्रांताने जिला मानाने केसांत माळले, तिलाच दुसऱ्या प्रांतात बांडगूळ ठरवावे, हे काही बरे नाही.

धुळीएवढे बी

"एक तोडली तर काय बिघडले? बी पडेल, दुसरी येईल." हाही एक समज. आमरीच्या बाबतीत तो खरा नाही.

मधमाशीने परागकणांचा पुंजका एका फुलावरून दुसऱ्या फुलावर नेला तर शेंग धरते. ती पिकायला कित्येक महिने लागतात. आमरीच्या एका शेंगेत हजारोंनी, कधी लाखांनी बिया असतात. ऐकायला भरपूर वाटते. पण हे बी धुळीच्या कणाएवढे असते. आंब्याच्या बाठ्यात किंवा हरभऱ्याच्या दाण्यात कोवळ्या रोपासाठी शिदोरी बांधून दिलेली असते, तशी शिदोरी याच्याजवळ नसते. वाऱ्याने उडून ते सालीच्या खाचेत पडले, आणि तिथे एक विशिष्ट बुरशी असली, तरच त्या बुरशीकडून अन्न मिळून ते रुजते. लाखातले एखादे बी तरते. फ्रान्सच्या नोएल बेर्नार या शास्त्रज्ञाने १८९९ मध्ये बुरशीचे हे रहस्य उलगडले. पुढे १९२२ मध्ये अमेरिकेतल्या लुईस नुडसन यांनी साखर घातलेल्या माध्यमात, बुरशीशिवाय, काचेच्या बाटलीत बी रुजवून दाखवले. आज रोपवाटिकांत मिळणारी ऑर्किडची रोपे प्रयोगशाळेतूनच येतात, त्याचे मूळ या शोधांत आहे.

पण बाटलीतल्या रोपालाही पहिले फूल यायला काही वर्षे जातात. रानात तर त्याहून जास्त. आंब्यावरचा भरगच्च झुबका म्हणजे दोन-अडीच दशकांचा संसार असू शकतो. तो उपटायला दोन मिनिटे पुरतात.

ओरबाडण्याचा जुना रोग

जगात आमरीच्या कुळात २५,०००हून अधिक जाती आहेत. आइस्क्रीममधला अस्सल व्हॅनिला याच कुळातल्या वेलीच्या शेंगेतून मिळतो. युनानी दवाखान्यात आणि अत्तारांच्या दुकानात मिळणारी सालब मिश्री हे जमिनीत वाढणाऱ्या आमऱ्यांचे कंद. तुर्कस्तान आणि अरब देशांत हिवाळ्यात दुधात उकळून पितात तो सहलबही मुळात अशाच कंदांच्या पिठाचा. व्हॅनिलाची शेंग तोडली तरी वेल राहतो. सालबचा कंद काढला की रोपच संपते. मळ्यात पिकवून घेणे वेगळे आणि रानातून उपटणे वेगळे, हे या दोन उदाहरणांवरून ध्यानात येते.

सीतेच्या वेणीचे रानातले वैरी तीन. झाडावरून बांडगूळ म्हणून काढणारे, ज्यावर ती राहते ती जुनी झाडेच तोडणारे, आणि शोभेसाठी उपटून विकणारे. पावसाळ्यात घाटरस्त्याच्या कडेला किंवा आठवडा बाजारात आमरीचे जुडगे विकायला दिसतात. घेणाऱ्याला वाटते आपण निसर्गप्रेम दाखवतो आहोत. विकणारा बहुधा गरीब असतो, त्याला दोष देणे सोपे आहे. पण मागणी आपली आहे. मुळे तुटलेली, त्यांना झाडाची साल चिकटलेली, पाने फाटलेली आणि कुंडी नाही, असे रोप दिसले की ते रानातून ओरबाडलेले समजावे. त्यातली बरीच रोपे वर्षभरात मरतात. राखीव जंगलातून असे काही काढणे १९२७च्या भारतीय वन कायद्यानुसार गुन्हा आहे. देशोदेशींच्या व्यापारातही सर्व आमऱ्यांवर 'साइटिस' या आंतरराष्ट्रीय कराराचे नियंत्रण आहे.

घ्यायचेच असेल तर चांगल्या रोपवाटिकेतून, प्रयोगशाळेत वाढवलेले, लहान कुंडीतले, नावाची पट्टी असलेले रोप घ्यावे. अगदी लहान रोप स्वस्त पडते, पण फुलासाठी थांबावे लागते. ज्याला सबर आहे त्यानेच ते घ्यावे.

पडलेल्या झाडावरची पाहुणी

दुसरा एक मार्ग आहे, आणि तो सवाबाचा आहे. पडलेल्या किंवा तोडल्या जाणाऱ्या झाडांवरच्या आमऱ्या वाचवणे.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले आणि श्रीवर्धन, मुरूड भागातल्या आंबा, नारळ, सुपारीच्या बागा आडव्या झाल्या. मुंबई-गोवा महामार्गाच्या रुंदीकरणात रस्त्याकडेची जुनी झाडे गेली. गावात मशिदीचे किंवा शाळेचे बांधकाम निघाले तरी एखादे झाड जाते. झाड पडले की त्यावरची आमरी जमिनीवर येते. कडक ऊन, चिखल, गुरांचे पाय, आणि शेवटी चूल. झाड आपल्याला उभे करता येत नाही, पण त्याच्या अंगावरची पाहुणी दुसऱ्या घरी पोहोचवता येते. आपल्या मालकीच्या जागेत किंवा मालकाच्या परवानगीने हे काम जरूर करावे. रस्त्याकडेच्या आणि सरकारी झाडांसाठी आधी संबंधित खात्याला विचारावे.

पद्धत अशी :

१. शक्य असेल तर मुळे सालीपासून सोडवूच नयेत. आमरी बसलेली आहे तेवढा फांदीचा तुकडा करवतीने कापून घ्यावा आणि तो तुकडाच नव्या झाडाला बांधावा.

२. सोडवावी लागली तर बोथट सुरी सालीला लावून हळूहळू सोडवावी. कुजलेली, पोकळ मुळे स्वच्छ कात्रीने कापावीत. चांगली, घट्ट मुळे राखावीत. रोप दोन दिवस सावलीत टांगून ठेवावे, म्हणजे जखमा सुकतात.

३. नवे झाड खरखरीत सालीचे हवे. आंबा, फणस, चिकू उत्तम. पेरू आणि निलगिरीची साल सुटून पडते, तिथे आमरी टिकत नाही.

४. खोडाची पूर्वेची किंवा उत्तरेची बाजू निवडावी, जिथे पानांतून गाळलेले ऊन येते.

५. काथ्याच्या दोरीने किंवा जुन्या सुती ओढणीच्या पट्टीने घट्ट बांधावे. रोप हलता कामा नये, कारण हलत्या रोपाची नवी मुळे धरत नाहीत. खिळे ठोकू नयेत. तांब्याची तार तर वापरूच नये, ती आमरीला बाधते.

६. शेंडा थोडा तिरपा, बाहेरच्या बाजूला ठेवावा. पानांच्या बेचक्यात पाणी साचले की रोप शेंड्यापासून कुजते.

सगळ्यांत चांगला काळ म्हणजे जूनचे पहिले पाऊस. त्याच सुमारास मुळांना नवी हिरवी टोके फुटतात आणि एका पावसाळ्यात रोप झाडाला धरते. दोरी पुढे आपोआप कुजून गळते. पहिल्या वर्षी फूल आले नाही, खालची दोन-चार पाने पिवळी होऊन गळाली, तरी काळजी करू नये. जागा बदलली की माणसालाही सावरायला वेळ लागतो.

अंगण नाही, गॅलरी आहे

मुंब्रा, भिवंडी, कोंढवा इथल्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्या वाचकांनीही निराश होऊ नये. पूर्वेची गॅलरी किंवा खिडकीची जाळी या फुलाला पुरते. मात्र कुंडीत माती भरून त्यात हे रोप लावू नये. मातीत त्याची मुळे गुदमरतात आणि कुजतात. लाकडी पट्ट्यांची टोपली घ्यावी, तळाला लाकडी कोळशाचे आणि विटेचे मोठे तुकडे घालावेत आणि रोप त्यावर नुसते टेकवून बांधावे. खडबडीत फळीवर बांधून भिंतीला टांगले तरी चालते. कोकणातल्या पावसात नारळाचे सोडण फार ओले राहते, म्हणून उघड्यावर ते टाळलेले बरे.

वर्षाचे वेळापत्रक साधे आहे. मार्च ते मे रोज सकाळी मुळे हिरवी होईपर्यंत पाणी फवारावे. पावसाळ्यात पाऊस लागत असेल तर पाणी देऊ नये, पण रात्री बॅटरी घेऊन गोगलगायी वेचाव्यात, कारण त्या मुळांची कोवळी टोके खातात. जून ते ऑक्टोबर दर पंधरा दिवसांनी पाण्यात विरघळणारे १९:१९:१९ खत, लिटरला अर्धा ग्रॅम, मुळांवर फवारावे. त्याहून जास्त नको. डिसेंबर ते फेब्रुवारी खत बंद ठेवावे आणि पाणी आठवड्यातून दोन-तीनदा द्यावे. या विश्रांतीनंतरच फुलाचा दांडा येतो. मराठवाडा, खानदेशासारख्या कोरड्या भागात मात्र हिवाळ्यातही मुळे सुरकुतू देऊ नयेत, आणि उन्हाळ्यात टोपलीखाली ओल्या खडीचा ट्रे ठेवावा.

पाणी शक्यतो गोडे असावे. बोअरच्या जड पाण्याने मुळांवर पांढरा थर धरतो. पावसाचे साठवलेले पाणी सर्वांत चांगले. वुजूचे, साबण न लागलेले पाणी बादलीत धरून ठेवले तर तेही उपयोगी पडते. तांदळाचे धुवण, चहाचा चोथा मुळांवर टाकू नये. त्याने मुंग्या येतात आणि मुळे कुजतात.

फूल येत नसेल तर बहुतेक वेळा उजेड कमी पडत असतो. पाने गर्द हिरवी आणि लोळलेली असतील तर रोप थोडे उजेडात सरकवावे. पिवळट-तांबूस झाली तर ऊन जास्त होते आहे. पानांच्या बुडाशी तपकिरी खवले दिसले तर ती खवले कीड, ओल्या फडक्याने पुसून काढावी. आणि एक नियम पक्का ठेवावा. रोपाची जागा वारंवार बदलू नये. मुळे दुखावलेली आमरीला अजिबात खपत नाहीत.

अमानत

झाड लावणे हा सदका आहे, त्यातून माणसाने, पाखराने, जनावराने खाल्लेले लावणाऱ्याच्या नावे लिहिले जाते, ही प्रेषित मुहम्मद (स.) यांची शिकवण आपल्या घराघरांत सांगितली जाते. आंबा लावणाऱ्या आजोबांनी तो फळासाठी लावला असेल. त्यावर मधमाशा आल्या, फुलटोच्या आला, आणि एक दिवस वाऱ्यावर आलेले धुळीएवढे बी येऊन सालीत विसावले. ते त्यांच्या हिशेबात नव्हते, पण ज्याने ते पाठवले त्याच्या हिशेबात होते. बाग आपल्या नावावर असली तरी आपण तिचे अमानतदार आहोत. अमानतीत काय काय आहे ते आधी पाहावे, मग कोयता उचलावा.

म्हणून या पावसाळ्याआधी एवढेच करा. झाडे साफ करायला माणूस बोलवाल तेव्हा त्याच्याबरोबर झाडाखाली उभे राहा. गाठ असलेले, सालीत शिरलेले बांडगूळ दाखवा आणि ते काढायला सांगा. चंदेरी मुळांची आमरी दाखवा आणि ती ठेवायला सांगा. मुलांनाही बरोबर घ्या. ज्याने एकदा हा फरक डोळ्यांनी पाहिला, तो पुन्हा चुकत नाही. आणि इन्शाअल्लाह, पुढच्या मे महिन्यात वर पाहाल तेव्हा वेणी जागेवर असेल.